शाळेचा ऑनलाइन सर्व्हर : स्नॅपशॉट आणि बॅकअप यांतला फरक

मुलं मोबाइलवर चाचणी सोडवतात तेव्हा त्यांची उत्तरं साठतात कुठे? बरेचदा दूरच्या डेटा सेंटरमधल्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?
एका इमारतीत अनेक बिऱ्हाडं असतात. पाया एकच, पण प्रत्येकाचं दार-कुलूप वेगळं. तसंच एका ताकदवान संगणकावर 'हायपरव्हायझर' हे सॉफ्टवेअर अनेक स्वतंत्र संगणक उभे करतं. प्रत्येकाला आपली ऑपरेटिंग सिस्टीम, मेमरी आणि डिस्क. ही कल्पना जुनीच. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर केली होती.

ऑनलाइन वर्गासाठीचं मूडल अशा भाड्याच्या मशीनवर चालवता येतं. मुलं प्रत्यक्ष वापरतात तो 'प्रॉडक्शन' सर्व्हर. तिथे हे पाळा :

१) नवीन अपडेट आधी वेगळ्या मशीनवर करून बघा.

२) बदलाआधी स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडल्यास आधीच्या स्थितीत परतता येतं. पण मशीन मागे नेलं की मधल्या काळातली मुलांची उत्तरंही जातात! म्हणून परीक्षा चालू असताना बदल नकोच.

३) स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असेल, तर डिस्कबरोबर तोही जाईल. डेटाबेस आणि फायली यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा आणि ती अधूनमधून दुसऱ्या मशीनवर चालवून पाहा.

पालकहो, शाळेला एवढंच विचारा : "बॅकअप शेवटचा कधी चालवून पाहिला?" प्रश्न मुलांच्या वर्षभराच्या मेहनतीचा आहे.