न पुसलेली खूण

एप्रिल २०२१. जर्मनीतल्या एका वेबहोस्टिंग कंपनीकडे एका ग्राहकाची तक्रार आली, की डाउनलोड केलेल्या नोंदींची फाइल उलगडत नाही. मॅक्स केलरमन या प्रोग्रामरने ती हाताने दुरुस्त केली आणि विषय मिटवला. पण काही महिन्यांनी तोच बिघाड पुन्हा आला, आणि येतच राहिला. बिघडे ती बहुधा महिन्याच्या शेवटच्या दिवसाची फाइल, आणि तीत चुकीचे असत ते शेवटचे आठ बाइट. ते दर वेळी तेच असत आणि त्यांची सुरुवात ‘पी’, ‘के’ या अक्षरांनी होई. झिप फाइलींच्या रचनेत ही अक्षरे ठरलेली असतात. ती तिचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरे. महिन्याच्या सगळ्या फाइली झिपमध्ये बांधणारा एक प्रोग्राम तेथे होता खरा, पण त्याला त्या फाइली फक्त वाचण्याची परवानगी होती. ज्याने लिहूच नये त्याचे अक्षर फाइलीत उमटत होते.

मला ही हकिगत महत्त्वाची वाटते ती यासाठी, की दोष त्या प्रोग्रामचा नव्हता. तो लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे परवानग्या पाळायला लावणाऱ्या कर्नलमध्येच होता.

कर्नल फाइलीची ४०९६ बाइटांची पाने मेमरीत ठेवतो आणि सर्व प्रोग्रामांना तीच पाने दाखवतो. दोन प्रोग्रामांमध्ये मजकूर वाहून नेणारा ‘पाइप’ हा रहाटगाडग्यासारखा असतो. त्यात सहसा सोळा गाडगी असतात आणि तीच फिरून फिरून वापरली जातात. थोडासा मजकूर आला, की नवे गाडगे न घेता आधीच्याच पानात भर घालणे सोयीचे. त्यासाठी गाडग्यावर ‘यात भर चालेल’ अशी खूण असते. ‘स्प्लाइस’ नावाच्या सोयीने मात्र फाइलीचे मूळ पानच, नक्कल न करता, गाडग्यात ठेवता येते. अशा गाडग्यावर ती खूण असता कामा नये.

ती राहत होती. स्प्लाइसच्या वेळी जुनी खूण पुसायची ओळ २०१६च्या एका बदलात लिहायची राहून गेली. तेव्हा काही बिघडले नाही, कारण भर घालावी की नाही हे वेगळ्या रीतीने ठरत असे. २०२०मध्ये, ५.८ या आवृत्तीत, कोणीतरी नीटनेटकेपणासाठी तो निर्णय या खुणेवर सोपवला. हा बदल एकटा पाहिला तर मला त्यात खोट दिसत नाही. पण चार वर्षे पडून असलेल्या कचऱ्याला त्याने अर्थ दिला.

आता साधा वापरकर्ताही पाइप भरून रिकामा करून सगळ्या गाडग्यांवर खूण उमटवू शकत होता. मग संगणकावरच्या खात्यांची यादी असलेल्या फाइलीचे पान त्यात ठेवायचे आणि पुढे हवे ते लिहायचे. बदल पडे तो फाइलीच्या सामाईक पानात. पानाचा पहिला बाइट बदलता येत नसे, फाइल लांबवता येत नसे. पण मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड काढून टाकायला याची अडचण नव्हती. शिवाय पान बदलल्याची नोंदच होत नसल्यामुळे, दुसऱ्या कोणी तेच पान बदलले नाही, तर यंत्र पुन्हा सुरू करताच पुरावाही नाहीसा.

केलरमनने २० फेब्रुवारी २०२२ रोजी हे कळवले, आणि तीन दिवसांत दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. दुरुस्ती एवढीच: दोन ठिकाणी खुणेची किंमत शून्य करणारी एकेक ओळ. ७ मार्चला ‘डर्टी पाइप’ या नावाने दोष जाहीर झाला.

अशा दोषांवर सरसकट उपाय सांगितला जातो तो मेमरी देतानाच कोरी करण्याचा. कर्नलमध्ये तशी सोय २०१९पासून आहे, पण येथे ती निरुपयोगी. गाडगे नव्याने दिले जात नव्हते, जुनेच फिरत होते. रस्ट भाषेचेही तसेच. गाडग्याची नोंद सबंध नव्याने लिहिली, तर सुटलेला रकाना ती भाषा खपवून घेत नाही. जुन्या नोंदीतले चार रकाने बदलले, तर तीही गप्प बसते. नवा कर्नल लगेच बसवता येत नसेल, तेथे परक्या प्रोग्रामांची स्प्लाइसची वाट अडवता येते, पण तो मधला मार्ग झाला.

पिक्सेल ६ या फोनवरही केलरमनला हा दोष आढळला होता. गूगलने २४ फेब्रुवारीलाच दुरुस्ती अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये घेतली. तेथून ती खिशातल्या फोनपर्यंत कधी पोहोचायची, हे मात्र फोन बनवणाऱ्याच्या हातात होते.