मेंदूभोवती रक्तस्राव झाल्यावर हृदयाचे काय होते?

एखाद्या व्यक्तीचे डोके अकस्मात असह्य दुखू लागते, उलटी होते व ती कोसळते. रुग्णालयात काढलेल्या ईसीजीत मात्र हृदयविकाराची चिन्हे दिसतात. अशा वेळी आजार डोक्याचा की हृदयाचा, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. त्याचे उत्तर आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

मेंदूच्या पृष्ठभागावरील धमनीला आलेला फुगा फुटला, की रक्त मेंदूभोवती पसरते व कवटीतील दाब वाढतो. त्या आघाताने शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. त्यामुळे हृदयाचे स्नायू जणू बधिर होतात, ठोके अनियमित पडतात, रक्तातील ट्रोपोनिन वाढते. क्वचित फुप्फुसांत पाणीही साचते. हृदयाच्या रक्तवाहिन्या मात्र बहुधा मोकळ्याच असतात. काही रुग्णांत डावा कप्पा तळाशी फुगतो. जपानी डॉक्टरांनी १९९० साली या अवस्थेला ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले.

हा भेद ओळखणे प्राणरक्षक ठरते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्त पातळ करणारी औषधे देतात. रक्तस्रावात तीच घातक ठरू शकतात. म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन तातडीने व्हावा लागतो. पुढे चौथ्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास मेंदूच्या धमन्या आकुंचन पावण्याचा धोका असतो. त्यात हृदय दुर्बळ असल्यास मेंदूला रक्त कमी पडते. यास्तव अतिदक्षता विभागात रक्तदाबावर लक्ष ठेवतात व इको तपासणी करतात.

‘आता हृदयही गेले’ असे ऐकून कुटुंबीयांनी धीर सोडू नये. हृदयाची ही दुर्बळता बहुतेक रुग्णांत काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. रुग्णाचे भवितव्य मुख्यतः मेंदूला झालेल्या इजेवर अवलंबून असते.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालये नांदेडजवळ विष्णुपुरी येथे व लातूर शहरात आहेत. मुखेड, कंधार, उदगीर येथून तेथे पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून १०८ क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. ज्याने प्रसंग पाहिला, त्यानेच रुग्णासोबत जावे आणि डॉक्टरांना प्रथम हेच सांगावे: आधी डोके दुखले, छातीचे नंतर.

उच्च रक्तदाब व विडी-सिगारेट यांमुळे असा फुगा फुटण्याचा धोका वाढतो. रक्तदाबाची नियमित तपासणी करून घेणे व धूम्रपान सोडणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.