वीस-तीस मिनिटांच्या गोष्टी

जऊळक्याहून बोलतेय. आज बचतीचा, कर्जाचा विषय नाही. आज पिक्चरबद्दल बोलायचं आहे, पण तीन तासांच्या नव्हे, छोट्या पिक्चरबद्दल. त्याला लघुपट म्हणतात.

लघुपट किती लहान? ऑस्कर या मोठ्या बक्षिसाच्या नियमात चाळीस मिनिटांपर्यंतचाच लघुपट धरतात. बहुतेक तर वीस-तीस मिनिटांत आटोपतात. एवढ्याशासाठी तिकीट काढून टॉकीजला कोण जाणार? म्हणून हे लघुपट महोत्सवात दाखवले जातात. महोत्सव म्हणजे पिक्चरची जत्राच समजा. मुंबईत १९९० पासून असा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांच्यासाठीच तो आहे, त्यात देशोदेशीचे पिक्चर येतात. फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ हे शहर तर लघुपटांच्या महोत्सवासाठीच जगात ओळखलं जातं.

वेळ कमी, म्हणून त्यात गाणी नाहीत, लग्नं नाहीत. बऱ्याचदा एकच दिवस असतो, पण त्या दिवसानंतर त्या माणसाचं आयुष्य पहिल्यासारखं राहत नाही.

आपल्या मराठीतला घ्या. नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’. डोंगरातलं गाव, धो धो पाऊस. शाळेतले गुरुजी घरी पावसावर निबंध लिहून आणायला सांगतात. राजा नावाच्या पोराला पाऊस आवडतो. पण त्याच पावसापायी त्याला दिवसभर उसंत मिळत नाही, रात्र झाली तरी झगडा चालूच. या लघुपटाला २०१७ सालचा दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गळक्या घरात पोरं वाढवलेल्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता इंग्लंडचा ‘द सायलेंट चाइल्ड’. वीस मिनिटांचा. लिबी नावाच्या लहानग्या मुलीला ऐकू येत नाही. घरात माणसं भरपूर, पण तिच्याशी बोलणारं कोणी नाही. एक बाई येऊन तिला हातांच्या खुणांची भाषा शिकवते आणि पोरगी फुलते. मग आईच ते शिकवणं बंद करते. खुणांची काय गरज, ओठ पाहून समजेल की तिला, असं आईचं म्हणणं. आई वाईट नाही हो, तिला आपली लेक चारचौघींसारखी हवी असते. लिबीचं काम करणारी मुलगी खरोखरच ऐकू न येणारी आहे. २०१८ साली याला ऑस्कर मिळालं, तेव्हा लेखिकेने मंचावर बोलता बोलता हातांच्या खुणाही केल्या.

पण आमच्या बैठकीत ज्यावरून सर्वात जास्त बोलणं झालं, तो लघुपट फ्रान्सचा. त्याच्या नावाचा अर्थ ‘सारं गमावण्याआधी’. झेव्हिए लग्राँ यांनी तो २०१३ साली केला, तीस मिनिटांचा आहे. बोलणं फ्रेंच, खाली अक्षरं इंग्रजी. मी थांबवून थांबवून मराठीत सांगितलं.

एक पोरगा शाळेला म्हणून निघतो आणि शाळेत जात नाही. आई त्याला गाडीत घेते, मोठ्या मुलीलाही घेते आणि थेट कामावर जाते. एका मोठ्या दुकानात ती नोकरीला आहे. हळूहळू आपल्याला कळतं, की मारकुट्या नवऱ्याचं घर तिने आज सोडलं आहे. तिला साहेबाला सांगून, हिशेब करून, निघायचं आहे. तेवढ्यात नवराच दुकानात येतो.

यात मारहाण कुठेच दाखवलेली नाही. तरी आमच्या बायांनी पदर तोंडात धरला होता. नवरा आपल्यासारखाच साधा दिसतो, तिच्याशी नीट बोलतो, आणि त्याचीच भीती वाटते.

पिक्चर संपल्यावर गटातल्या मावशींनी विचारलं, “तिच्या कामावरच्या बाया नसत्या तर?” मी गप्प बसले. कारण सगळं त्यांच्यावरच तर चाललं होतं. एकीने दार सांभाळलं, एकीने पोरांना बसवलं, कोणी ‘आमच्यात कशाला आणतेस’ म्हणालं नाही. आपल्याकडे हे वाक्य पहिलं येतं. मीही पूर्वी कोणाला तरी म्हटलेलं आहे.

मग कायद्याचं बोलणं निघालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात बाईला नवऱ्याच्या घरात राहण्याचाही हक्क आहे, घर सोडलंच पाहिजे असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे, तातडीचं असेल तर ११२. नंबर पाठ करा, फोनमध्ये नावाने ठेवू नका.

दुसरी एक जण म्हणाली, “ताई, निघायची वेळ आली तर माझं आधार कुठंय, पासबुक कुठंय, मला ठाऊक नाही. सगळं त्यांच्या कपाटात.” तेव्हा कळलं, की अकरापैकी सात जणींची हीच गत.

आता आमच्या गटाच्या पेटीत रोकड वहीच्या खाली एक पाकीट असतं. सगळ्या अकरा जणींच्या आधारच्या, पासबुकाच्या, पोरांच्या जन्मदाखल्याच्या झेरॉक्स त्यात आहेत. पेटीची किल्ली दर महिन्याला फिरते, या महिन्यात मावशींकडे आहे.