पोटातली पिशवी आणि मूत्रपिंडांची राखण

माणसाच्या शरीरात जे अवयव बोभाटा न करता राबतात, त्यांच्याकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. दाढ दुखली की आपण घर डोक्यावर घेतो. पोट बिघडले की दोन दिवसांत वैद्य गाठतो. पण मूत्रपिंडांचे निम्मे बळ सरले तरी ती बहुधा हूं की चूं करीत नाहीत. कारखान्यातही हेच चालते. जो कामगार कधी तक्रार करीत नाही, त्याच्यावर बोजा वाढत जातो, आणि एके दिवशी तो कोसळला म्हणजे सगळे म्हणतात, "अरे, कालपर्यंत तर ठणठणीत होता!"

ज्यांचे मूत्राशय काढावे लागले आणि ज्यांच्या पोटात आतड्याची पिशवी बसवून लघवीला नवी वाट करून दिली, त्यांच्या मूत्रपिंडांविषयी आम्ही येथे सांगणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे. उभे आयुष्य कामगार चळवळीत गेले. शाळा लवकर सुटली. जे थोडेफार समजले ते वाचनालयात आणि आजारी सभासदांबरोबर रुग्णालयांच्या बाकांवर बसून समजले. डॉक्टरांनी घाईत सांगितलेली गोष्ट घरच्या भाषेत पुन्हा समजावून देणे एवढेच काम आम्ही पत्करले आहे. औषधाची मात्रा आणि पथ्याचा अखेरचा शब्द ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचाच.

पनवेलकरांनी हा विषय का ऐकावा? मूत्राशय काढण्याचे एक मोठे कारण कर्करोग, आणि त्या कर्करोगाची सर्वांत मोठी वाट तंबाखूच्या धुरातून जाते. विडी ओढणाऱ्याच्या छातीची काळजी सगळे करतात. पण त्या धुरातले विष रक्तात उतरून मूत्रपिंडांतून गाळले जाते आणि मूत्राशयात तासन् तास साचून राहते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुसरी वाट रंगांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांतून जाते. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचे जगापुढे मांडले. बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमीन ही त्या जातीतली कुप्रसिद्ध द्रव्ये. आपल्या देशातही १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या परिशिष्टात मूत्राशय, मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंड यांच्या अस्तराच्या गाठीची पुढे नोंद झाली. तळोजे, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात ज्यांच्या घरची माणसे पाळीवर जातात, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे की लघवीत एकदा जरी रक्त दिसले, आणि ते न दुखता गेले, तरी तपासणी टाळू नये. टाटा रुग्णालय १९४१ पासून परळला आहे, आणि त्याच टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आता आपल्या तालुक्यात, खारघरला आहे. म्हणजे वाट फार लांबची नाही.

मूत्राशय काढले तर लघवी जाणार कोठे? हा प्रश्न जुना आहे. आमच्या पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, हे आपण अभिमानाने सांगतो. नेमक्या त्याच साली लंडनच्या जॉन सायमन या शल्यवैद्याने, जन्मतःच मूत्राशय उघडे असलेल्या एका मुलाची लघवी गुदाशयात वळविल्याची हकीगत प्रसिद्ध केली. तो मुलगा फार काळ जगला नाही. पुढे अनेकांनी हीच वाट सुधारून वापरली. पण मळ आणि मूत्र एकत्र आले की जंतू वर चढतात आणि मूत्रपिंडे खातात, हा अनुभव पुन्हा पुन्हा आला. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर यांनी लहान आतड्याचा छोटा तुकडा वेगळा काढून त्याला मूत्रवाहिन्या जोडल्या आणि त्याचे तोंड पोटाच्या कातडीवर आणले. लघवी अखंड ठिबकते आणि बाहेर चिकटविलेल्या पिशवीत जमते. साधी आणि भरवशाची अशी ही रीत आजही सर्वत्र चालते.

बाहेरची पिशवी नको, पोटाच्या आतच साठा व्हावा, ही पुढची पायरी. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या नील्स कॉक यांनी लघवीसाठी केलेल्या अशा पिशवीचे अनुभव १९८२ साली प्रसिद्ध केले. त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. आतडे ही नळी आहे, आणि पुढे ढकलणे हा तिचा धर्म. नळी तशीच ठेवली तर ती आवळते आणि आतला दाब वाढतो. म्हणून ती उभी चिरून, उलगडून, घडी घालून शिवतात. मग एका बाजूची लाट एकीकडे ओढते, दुसरी दुसरीकडे, आणि दोरखंडाच्या दोन्ही टोकांना सारखी माणसे लागावीत तसा एकूण जोर फुकट जातो. पिशवी शांत राहते. कातडीवर एक बारीक तोंड असते. त्यातून दिवसातून काही वेळा नळी घालून लघवी काढावयाची. काहींना अशीच पिशवी मूळच्या मूत्रमार्गाला जोडून देतात. ज्यांची मूत्रपिंडे आधीच फार थकलेली असतात त्यांना मात्र डॉक्टर आतली पिशवी सहसा देत नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच.

आता मूळ मुद्दा. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातले दीड-दोन लिटर तेवढे लघवी म्हणून खाली सोडतात. मूळ मूत्राशयात निसर्गाने तीन सोयी केल्या होत्या. मूत्रवाहिनी त्याच्या भिंतीत तिरपी शिरत असल्यामुळे भरल्यावर ती दाबली जाई आणि लघवी उलटी वर जात नसे. त्याचे अस्तर लघवीतले क्षार सहसा परत शोषून घेत नसे. आणि ते भरले म्हणजे मज्जातंतू हाक देत. आतड्याची पिशवी कितीही सुबक शिवली तरी या तिन्ही सोयी तीत जशाच्या तशा येत नाहीत.

पहिली गोष्ट दाबाची. पनवेलकरांना भरती-ओहोटी शिकवावयास नको. ऐन पावसात खाडीला भरती असली की नाल्यांचे पाणी उतरत नाही, उलट गावाकडे तुंबते. दोष गावाचा नसतो. खालचे पाणी चढलेले असते. पिशवी गच्च भरून राहिली की मूत्रपिंडांचे तसेच होते. लघवी तुंबते, मूत्रपिंडाची पोकळी फुगते आणि गाळण्या दबून हळूहळू मरतात. म्हणून साधारणपणे चार ते सहा तासांनी पिशवी रिकामी करावी लागते आणि साठा चारशे-पाचशे मिलिलिटरच्या फार वर जाऊ द्यावयाचा नसतो. हाक देणारे मज्जातंतू नसल्यामुळे हाकेची वाट पाहणे हीच मोठी चूक ठरते. येथे घड्याळ हेच मज्जातंतू. रात्रीसुद्धा गजर लावून उठावे लागते, निदान डॉक्टर नको म्हणेपर्यंत.

पुष्कळांना भीती वाटते की सारखी नळी घातली तर जंतू जातील, म्हणून ते खेपा कमी करतात. ही भीती उलटी आहे. १९७२ साली अमेरिकेतील मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली, तरी वेळच्या वेळी पूर्ण रिकामे करणाऱ्याचे भले होते. अपाय तुंबण्याने अधिक होतो. साबणाने धुतलेले हात, स्वच्छ नळी आणि पाळलेली वेळ, एवढ्यावर हे शास्त्र उभे आहे. ज्यांची पिशवी बाहेर आहे त्यांनीही ती अर्धी भरण्यापूर्वी ओतावी आणि रात्री मोठ्या पिशवीला जोडावी.

दुसरी गोष्ट सांध्याची. मूत्रवाहिनी आतड्याला जेथे शिवतात, तेथे पुढे व्रण आकसून वाट अरुंद होऊ शकते. बहुधा हे पहिल्या दोन वर्षांत होते, आणि डावीकडे अधिक, कारण डावी वाहिनी आतड्यामागून ओढून पलीकडे आणावी लागते. याचा कावा असा की पुष्कळदा ते दुखत नाही. एक मूत्रपिंड मुकाट्याने बंद पडते आणि दुसरे दोघांचे काम ओढते, म्हणून रक्ताचा आकडाही फारसा हलत नाही. म्हणून केवळ क्रिएटिनिनवर विसंबू नये, सोनोग्राफीही हवी. शिवाय आतड्याची पिशवी थोडे क्रिएटिनिन परत शोषते, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नसतो. मागच्या आकड्याशी त्याची तुलना हवी. सगळे कागद एका फाइलीत तारीखवार लावावेत. आमच्या धंद्यात ज्याच्याकडे जुने कागद तोच वाटाघाटीत टिकतो. दवाखान्यातही तसेच आहे.

तिसरी गोष्ट शोषणाची. शोषणे हा आतड्याचा स्वभाव. लघवी आली म्हणून तो सुटत नाही. लघवीतले क्लोराइड आणि अमोनियम परत रक्तात जातात आणि रक्तात आम्लता वाढते. मूत्रपिंडे चांगली असली तर ती हे जादा काम निभावून नेतात. थकलेली असली तर नाही. थकलेल्या मूत्रपिंडांना आतली पिशवी न देण्याचे कारण हेच. आम्लता वाढली की थकवा येतो, अन्नावरची वासना जाते, आणि पुढे हाडांतला चुना झिजतो. त्यावर साधा सोडा हेच औषध, पण ते रक्त तपासून आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्याने आपल्या मनाने घेऊ नये. लहान आतड्याचा शेवटचा भाग बराच वापरला असेल तर ब-१२ जीवनसत्त्वही काही वर्षांनी कमी पडते. यकृतातला जुना साठा संपेपर्यंत ते कळत नाही, म्हणून तेही मोजावे लागते.

चौथी गोष्ट जंतू आणि खडे. आतड्याच्या पिशवीतल्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. ताप नाही, कंबर दुखत नाही, तर नुसत्या रिपोर्टासाठी प्रतिजैविके खाऊ नयेत. त्याने जंतू निर्ढावतात. मात्र आतड्याचा चिकट स्राव आणि काही जातींचे जंतू मिळून खडे बनवितात. त्यावर उपाय म्हणजे सांगितल्याप्रमाणे पिशवी मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुणे आणि भरपूर पाणी पिणे. किती पाणी प्यालो यापेक्षा किती लघवी झाली हे पाहावे. डॉक्टरांनी पाणी तोडले नसेल तर दिवसाला दोन लिटरच्या आसपास लघवी व्हावी. आपल्याकडील वैशाखात, भट्टीजवळ काम करणाऱ्याला, त्यासाठी बरेच अधिक प्यावे लागते, कारण निम्मे पाणी घामातच जाते.

आणखी एक शत्रू खिशात असतो. अंग दुखले की दुकानातून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना मारक ठरतात. काही औषधे तर पिशवीतून परत रक्तात शिरतात, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरला "आमच्या पोटात पिशवी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे. रक्तदाब आणि मधुमेह ताब्यात ठेवावे, विडी-तंबाखू सोडावी. थंडी वाजून ताप आला, कुशीत कळ आली, उलट्या लागल्या, लघवी एकदम कमी झाली किंवा पोटात अकस्मात तीव्र वेदना उठली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नळी आत जाईनाशी झाली तर तासाचीही वाट पाहू नये.

येथवर सांगितले ते रोग्याचे कर्तव्य. पण आमच्या मते प्रश्नाचा अर्धा भाग रोग्याच्या हाती नाहीच. एका कारखान्यातील आमचा एक सभासद शस्त्रक्रियेनंतर कामावर रुजू झाला. पिशवीची गोष्ट त्याने लाजेने लपविली. मुतारी लांब, तिथे नळाला पाणी नाही, आणि दोनदा उठले की मुकादमाची नजर. त्याने युक्ती काढली: पाळी संपेपर्यंत पाणीच प्यावयाचे नाही. डॉक्टरांचा सगळा उपदेश त्याला पाठ होता. त्याला नव्हती ती दहा मिनिटांची सवड आणि बंद दाराची स्वच्छ जागा. पुढे तापाने तो पडला तेव्हा आम्हांला सारे समजले. संघटनेने बोलणी करून त्याला दर पाळीत ठरावीक वेळी सुटी आणि जवळची धुतलेली मुतारी मिळवून दिली. एवढ्याशा मागणीला पैसा जवळजवळ काहीच लागला नाही. फक्त कोणी तरी तोंड उघडावे लागले.

पिण्याचे पाणी आणि संडास-मुतारी ही मालकाची जबाबदारी आहे, हे १९४८ च्या कारखाने कायद्याने लिहून ठेवले. कायद्यांची नावे बदलतात. माणसाचे शरीर बदलत नाही. एस. टी. स्थानकात, बाजारात, शाळेत, रेल्वेच्या फलाटावर साबण-पाणी असलेली जागा मिळाली, तर पिशवी असलेला माणूस घराबाहेर पडू शकेल. आणि दिवसभर तहान मारणाऱ्या आमच्या भगिनींचेही त्यात कल्याण आहे. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा रुग्णांची संस्था आहे. एकट्याने कुढण्यापेक्षा तिच्याशी संबंध ठेवावा.

तात्पर्य, शल्यवैद्य पिशवी शिवून देतो, पण मूत्रपिंडांची राखण त्यानंतर रोज, दर चार-सहा तासांनी, करावी लागते. ती घड्याळाने, पाण्याने आणि वर्षाकाठच्या तपासणीने होते. घड्याळ रोग्याने पाळावे. त्या घड्याळाप्रमाणे उठण्याची मुभा आणि जागा त्याला समाजाने द्यावी. तक्रार न करणाऱ्याची काळजी घेणे हेच संघटनेचे पहिले काम आम्ही समजतो, मग तो यंत्रापाशी उभा असलेला कामगार असो, की बरगड्यांखाली मुकाट्याने राबणारी मूत्रपिंडांची जोडी असो.