बस्तरला कॅमेरा घेऊन जाताय?

नागपूरचा आतेभाऊ भिलाईत उतरताच म्हणाला, "दादा, बस्तरला चल ना. नक्षल एरियाचे फोटो हवेत."

त्याला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो: चित्रकोट, तीरथगढ, बारसूर या पर्यटनस्थळी फोटो खुशाल काढा. सीआरपीएफचा कॅम्प, नाका, जवान मात्र विचारल्याशिवाय नको. ड्रोन घरीच बरा.

खरी काळजी माणसांच्या फोटोंची. एखादा गावकरी जवानासोबत हसताना दिसला आणि खाली गावाचं नाव टाकलं, की त्याच्यावर पोलिसांचा खबरी असल्याचा शिक्का बसू शकतो. आपण घरी बसून लाइक मोजणार, त्याला राहायचंय तिथंच! म्हणून आठवडी हाटात मी आधी गप्पा मारतो, मग विचारतो. चेहऱ्यासोबत लोकेशन कधीच नाही.

टीव्हीवरचं बस्तर म्हणजे बहुतेकदा चकमकीनंतर मांडून ठेवलेल्या बंदुका. त्यापलीकडचं दाखवायचे बिजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकर, यूट्यूबवरच्या 'बस्तर जंक्शन'वर. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा खून झाला. त्याआधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, दंतेवाड्यात दूरदर्शनचे कॅमेरामन अच्युतानंद साहू माओवादी हल्ल्यात गेले. साहू तर कामावर होते. आपण हौशी, तेव्हा थ्रिलसाठी आडवाटेला शिरणं हा शुद्ध मूर्खपणा.

रस्ते, मुक्काम, हाटाचे वार, काहीही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा.