श्रद्धा, मंडळी आणि संघ : ख्रिस्ती धर्मातील एका पेचाविषयी

झरी (जि. परभणी) येथे वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असताना एका तरुण उपासकाने उपस्थित केलेला प्रश्न आमच्यापर्यंत आला. बुद्ध मनाने मानला म्हणजे पुरे नाही काय? दीक्षा, विहार, नोंद, सभासदत्व हा व्याप कशासाठी? ख्रिस्ती समाजातही येशूला मानणारे परंतु चर्चची पायरी न चढणारे पुष्कळ लोक आहेत, असा दाखलाही त्याने दिला होता. दाखला योग्य आहे, पण त्याचा अर्थ समजतो तितका सरळ नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याच दाखल्याचा विचार करणार आहोत.

येशूभोवती जमलेले पहिले शिष्य हा एक लहानसा, सत्तेबाहेरचा समूह होता. ग्रीक भाषेत अशा समूहाला जो शब्द होता त्याचा मूळ अर्थ 'सभा' एवढाच आहे. मराठी ख्रिस्ती बांधव त्यासाठी 'मंडळी' हा शब्द योजतात आणि तो 'चर्च' या शब्दापेक्षा मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे. इ. स. 313 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने या पंथाला मोकळीक दिली. 325 मध्ये त्याच्याच पुढाकाराने निकाया येथे धर्मपरिषद भरली आणि काय मानले असता मनुष्य ख्रिस्ती ठरतो याचे शब्द निश्चित करण्यात आले. 380 मध्ये हा साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. विश्वास ही अंतःकरणाची गोष्ट होती, ती आता मान्यता द्यावयाच्या मसुद्याची गोष्ट झाली. पुढे युरोपात या विरुद्ध जी बंडे झाली त्यांचा इतिहास येथे सांगत बसत नाही, कारण हा पेच आपल्या महाराष्ट्रातच दोन व्यक्तींच्या जीवनात अत्यंत स्पष्टपणे उमटलेला आहे.

पहिली व्यक्ती पंडिता रमाबाई (1858–1922). 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लगेचच अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद सुरू झाले. हा पत्रव्यवहार 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला असून जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा. त्रैक्याचा सिद्धांत आपल्या बुद्धीला पटल्यावाचून आपण तो मान्य करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींना हा अहंकार वाटला. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये असावीत की संस्कृतमध्ये, इतक्या बारीक गोष्टीवरूनही वाद झाला. लॅटिन अधिक पवित्र आणि संस्कृत कमी पवित्र कशी, हा रमाबाईंचा प्रश्न होता. स्वदेशातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर पाश्चात्त्य धर्माधिकाऱ्यांचे दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली इच्छा नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे कळविले होते. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी असेही लिहिले की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला, ख्रिस्त मात्र त्यानंतर काही वर्षांनी भेटला. धर्म स्वीकारणे आणि श्रद्धा उपजणे या दोन घटनांमध्ये अंतर असू शकते, हे इतक्या मोकळेपणाने सांगणारे धर्मांतरित विरळाच.

दुसरे उदाहरण नारायण वामन टिळक (1861–1919) यांचे. 1893 मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका अपरिचित गोऱ्या गृहस्थाने त्यांना 'नवा करार' दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या आणि पुढे पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनी स्वतंत्रपणे तोच मार्ग स्वीकारला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या वाचकांना ठाऊक असेल की लक्ष्मीबाईंच्या मनातील सोवळेओवळे बाप्तिस्म्यामुळे गळून पडले नाही. त्यांनी स्वतः विचार केला, जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांना उमगले आणि बाप्तिस्म्यापूर्वीच तो भेद त्यांनी सोडला.

टिळकांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये दीर्घकाळ सेवा केली, धर्मोपदेशक झाले, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले, शेकडो भजने रचली. परंतु 1917 मध्ये मिशनची नोकरी व वेतन सोडून त्यांनी संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. या दरबाराचे वैशिष्ट्य असे की ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोहोंनाही त्यात समान स्थान होते. परदेशी मिशनचा पैसा, त्यांचा अधिकार आणि त्यांची रीत यांमुळे ख्रिस्त हा मराठी माणसाला परका वाटतो, ही टिळकांची वेदना होती. ती खरी होती. तथापि 9 मे 1919 रोजी टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. उलट रमाबाईंनी केडगाव येथे उभारलेले मुक्ती मिशन आजही चालू आहे. चर्चच्या अधिकाराशी भांडणाऱ्या रमाबाई स्वतः मात्र उत्तम संघटक होत्या, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते.

येथे आम्हांला एक भेद नोंदवावासा वाटतो. रमाबाई आणि टिळक दोघेही ब्राह्मण कुळातले, व्युत्पन्न. त्यांना संस्थेने द्यावयाचे असे थोडेच होते, म्हणून संस्थेचा काच त्यांना प्रथम जाणवला. नगर जिल्ह्यातील व जालना परिसरातील जे महार-मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यांची गोष्ट निराळी. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ निजामी राज्यात मिळालेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत उभारली. या लोकांना शाळा, जमीन, दवाखाना आणि गावच्या पाटलापुढे उभे राहावयाचे बळ मिळाले ते संघटित धर्माकडून. केवळ अंतःकरणातील विश्वासाने महारवाड्याच्या बाहेर विहीर खोदली जात नाही. 'धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब' असे म्हणणे ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांना सोपे जाते.

पण संघटित ख्रिस्ती धर्माने या लोकांना पूर्ण न्याय दिला असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिलेले निबंध त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात (1989) समाविष्ट आहेत. मिशनांनी शिक्षण व आरोग्य यांत केलेले कार्य त्यांनी नाकारले नाही, परंतु धर्मांतरानंतरही जात चर्चच्या आत शिल्लक राहिली याकडे त्यांनी निर्भीडपणे बोट दाखविले.

आता मूळ प्रश्नाकडे. पाली साहित्यात 'सद्धा' दोन प्रकारची सांगितलेली आढळते. चंकी सुत्तात परंपरेने मिळालेल्या, मुळाशी काहीच न पाहिलेल्या श्रद्धेला 'अमूलिका सद्धा' म्हटले आहे आणि तिला एकमेकांना धरून चालणाऱ्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा दिली आहे. वीमंसक सुत्तात याच्या उलट, परीक्षणाने आलेल्या सकारण श्रद्धेला 'आकारवती सद्धा' हे नाव आहे. रमाबाईंचा त्रैक्याविषयीचा आग्रह आकारवती सद्धेच्या जातीचा होता, असे आम्ही म्हटले तर ते अतिशयोक्त होऊ नये. परंतु आकारवती सद्धा म्हणजे एकट्याची सद्धा नव्हे. तथागतांनी ज्यांना परीक्षा करावयास सांगितले, त्यांनाच संघही दिला आणि त्रिशरणात संघाला तिसरे स्थान आहे.

टिळकांनी बाप्तिस्म्याची रेषा पुसण्याचा प्रयत्न केला. बाबासाहेबांनी नेमके उलट केले. पूर्वी भिक्खूसाठी संघदीक्षा होती, पण उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे उपासक बुद्धालाही वंदन करी आणि जुन्या देवांकडेही जाई, आणि धम्माच्या ऱ्हासाचे हे एक कारण होय, असे त्यांचे निदान होते. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला त्यांनी सामान्य जनांना दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यापूर्वी 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली होतीच. धर्म वैयक्तिक मानला जातो, धम्म मात्र सामाजिक आहे, हे त्यांनी ग्रंथात स्पष्ट केले आहे. टिळकांपुढे परकी, श्रीमंत संस्था होती आणि ती ढिली करावयाची होती. बाबासाहेबांपुढे विखुरलेला, नागवलेला समाज होता. प्रश्न एकसारखा दिसत असला तरी भूमी भिन्न होती.

शिवाय शासन श्रद्धा पाहत नाही, धर्म पाहते. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूंखेरीज इतरांना वगळले. 1956 मध्ये शिखांचा आणि दीर्घ लढ्यानंतर 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित अद्याप बाहेर आहेत. त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी 2022 मध्ये केंद्र सरकारने न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या स्थितीमुळे देशात अनेक ठिकाणी मनाने ख्रिस्ती आणि कागदावर हिंदू अशी कुटुंबे आढळतात. 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेच्या खटल्यात तिचा बाप्तिस्मा व चर्चमधील नियमित उपस्थिती ग्राह्य धरून तिचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. तिच्या अंतःकरणात काय होते हे न्यायालयाला पाहता येणे शक्य नव्हते, नोंदवही तेवढी पाहता आली. आपल्याकडेही 1990 पूर्वीच्या काळात कित्येक बौद्ध पालकांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' असे लिहिले, ते याच कारणाने, आणि ते दाखले अजून घरोघरी पेटीत आहेत.