माळ्यावरची पेटी

पनवेलमधील जुने वाडे उतरवून तेथे इमारती उभ्या राहत आहेत. वाडा उतरविताना सागवानी तुळयांचा भाव ठरतो, तांब्यापितळेच्या भांड्यांच्या वाटण्या होतात. माळ्यावरच्या पेटीतील कागदांना मात्र वारस मिळत नाही. मोडीतील खते, जमाखर्चाच्या वह्या आणि मुंबईहून आलेली पोस्टकार्डे किलोच्या भावाने रद्दीत जातात.

याच तालुक्यातील शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेले वासुदेव बळवंत फडके हे पुण्यात लष्करी हिशेबखात्यातील कारकून होते. १८७९ साली त्यांची रोजनिशी व आत्मवृत्त सरकारच्या हाती पडले आणि खटल्यात तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. पुढे १९५७ साली मुंबई सरकारने प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांच्या पहिल्या खंडात तो मजकूर इंग्रजीत छापला गेला. ज्या सत्तेने त्यांना एडनच्या तुरुंगात धाडले, तिच्याच दप्तराने त्यांचे शब्द टिकविले! सामान्य कारकुनाच्या मागावर पोलीस नसतात. त्याचे कागद घराने जपले नाहीत, तर ते कोणीच जपत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घराण्यांची दप्तरे मिळविली व १८९८ पासून ती छापली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्या पिढीचे लक्ष साहजिकच राजकारणाच्या कागदांकडे अधिक होते. परंतु भात कोणत्या भावाने विकले, लग्नासाठी किती कर्ज काढले आणि ते कोणत्या व्याजाने फेडले, हे सांगणारी वही शेतकऱ्याच्या वा शिक्षकाच्या घरीच सापडावयाची. सरकारी अहवालात जिल्ह्याची सरासरी मिळते. घरात पैसा कोणत्या महिन्यात संपत असे, ते वहीच सांगते. ही बाब केवळ अभ्यासकांपुरती नाही. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण व ठाणे तालुक्यांतील जमिनी संपादन झाल्या. पुढे साडेबारा टक्के भूखंडांसाठी वारसा सिद्ध करण्याची पाळी आली, तेव्हा जुन्या कागदांची किंमत अनेक कुटुंबांना कळली.

कोकणच्या ओलसर हवेत कागद टिकविणे कठीण खरे, पण त्याला फारसा खर्च येत नाही. टाचण्या काढाव्यात, त्या गंजतात. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा निघत नाही. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून बासन जमिनीपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावे आणि पावसाळा सरला की सावलीत उघडून पाहावे. मोबाइलवर छायाचित्रे जरूर काढावीत, पण त्यानंतर मूळ कागद फेकू नये.

याहून निकडीचे काम निराळेच आहे. पत्राच्या मायन्यात ‘ती. नानांस’ एवढेच असते. हे नाना सख्खे आजोबा की चुलत, हे सांगू शकणारी आत्या ऐंशीच्या पुढे गेलेली असते. कागदांना हात लावण्याआधी वही घेऊन तिच्याजवळ बसावयास हवे.